वोलुबिलिस, मोरोक्को: मोझॅक बघालच, पण घाणे बघायला जा

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. माझं माहेर बार्शीचं आणि तेल्याचं. वाड्याच्या मागच्या अंगाला आजोबांचा लाकडी घाणा होता. मी नऊ वर्षांची असेपर्यंत तो फिरत होता; करडई आणि शेंगदाणा, दोन्ही निघायचं. त्यामुळे कुठेही तेल काढलेलं दिसलं की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. रोमन कमानी, खांब आणि सूर्यास्ताचे फोटो यांच्यावर पुष्कळांनी लिहून ठेवलंय. मी वोलुबिलिस या पडक्या रोमन गावाकडे तेलाचं गाव म्हणूनच बघितलं आणि त्याच हिशेबाने तारे दिलेत. पाचपैकी चार. एक का कापला ते ओघात येईलच.

माझा भाचा कासाब्लांकाला नोकरीला आहे. नोव्हेंबरात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो, तिथून फेस, आणि फेसहून गाडी करून वोलुबिलिस. अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास, पण वाटेत चहाला थांबलात तर दीड तास धरा. मेकनेस जास्त जवळ पडतं. तिथून शेअर टॅक्सीने मुले इद्रिस गावापर्यंत यायचं आणि पुढचे तीन-चार किलोमीटर दुसरी टॅक्सी करायची, असंही लोक करतात. गुडघे शाबूत असतील तर चालतही जातात. आमचे गुडघे तसे नाहीत.

गाडीबद्दलची तक्रार इथेच उरकते. ड्रायव्हरने सकाळी गोड बोलून "जितका वेळ हवा तितका" म्हटलं, आणि तिथे पोचल्यावर घड्याळ दाखवून "एक तास" म्हणाला. परतीच्या वाटेवर गालिच्यांच्या दुकानासमोर गाडी आपोआप थांबली, ती निराळीच गोष्ट. गाडी ठरवतानाच तीन तास उतरून बघायचे आहेत हे कागदावर लिहून घ्या. एका तासात फक्त कमान बघून होते.

नोव्हेंबरात जाण्याचा मोठा फायदा म्हणजे जैतुनाचा, म्हणजे ऑलिव्हचा, हंगाम. शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर दोन्ही बाजूंना झेरहून डोंगराचे उतार आणि त्यावर राखाडी-हिरवी झाडंच झाडं. खाली ताडपत्र्या अंथरलेल्या, बायका-पुरुष लांब काठ्यांनी फांद्या झोडपत होते. चिंचा झोडपतात अगदी तशा. आमचे हे म्हणाले, "हे तर आपल्याकडचंच दिसतंय." मला मात्र एक गोष्ट लागून राहिली. ज्या उतारांवर आज ही झोडपणी चालू होती, त्याच उतारांवरच्या फळांवर दोन हजार वर्षांपूर्वीचं ते गाव उभं होतं. पीक बदललं नाही, डोंगर बदलला नाही. गाव तेवढं पडलं.

आम्ही गेलो तेव्हा तिकीट माणशी ७० दिरहॅम होतं, साधारण सहाशे रुपये. दारातच गाइड उभे असतात. आम्ही एक घेतला, आणि तारा कापायचं पहिलं कारण तोच. माणूस हसतमुख होता, फ्रेंच-इंग्रजी फर्डं बोलत होता, पण त्याची गाडी ठरलेल्या रुळावरून चालायची: मोझॅक (रंगीत तुकडे जडवून केलेली जमिनीवरची चित्रं), कमान, मंदिर, आणि एका दगडावर कोरलेलं पुरुषलिंग दाखवून डोळे मिचकावणं. तेलाचं काही विचारलं की "येस येस मॅडम, ऑलिव्ह ऑइल, व्हेरी गुड" म्हणून पुढे. चाळीस मिनिटांत फेरी संपवून त्याने पैसे मागितले. ते देऊन त्याला मोकळं केलं आणि मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दारापासून खाली उतरून एक छोटा ओढा ओलांडला की गावाच्या दक्षिण अंगाला पोचतो आपण. खालच्या ओढ्याकाठी कण्हेर आहे. या गावाचं जुनं बर्बर, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या भाषेतलं, नाव वलीली, आणि त्याचा अर्थ कण्हेर असं सांगतात. आमच्याकडे कण्हेरीच्या वाटेला जनावरंही जात नाहीत. गावाचं नाव कण्हेर, आणि गाव जगलं जैतुनावर.

ओढा ओलांडल्यावर थोड्याच वेळात पुन्हा उभारलेला एक घाणा दिसतो. बहुतेक मंडळी इथे एक सेल्फी काढून वर कमानीकडे धावतात. तुम्ही थांबा. मी तिथे पाऊण तास होते. भाचा दोनदा येऊन गेला, "आत्या, चल ना, वर खरं गाव आहे." म्हटलं, बाळा, खरं गाव हेच आहे, वरचं याच्या जिवावर उभं राहिलंय.

घाणा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते उखळ, त्यात फिरणारी लाट (लाकडी मुसळ), आणि झापडं बांधलेला बैल. आपल्या घाण्यात दाणा चेचला जातो आणि तेलही तिथेच सुटतं, एकाच ठिकाणी दोन्ही कामं. इथे तसं नाही. जैतून हे फळ. त्यात तेलापेक्षा पाणी जास्त. म्हणून कामाचे दोन भाग. आधी फळ बीसकट दगडी जात्यात चेचून त्याचा लगदा करायचा. मग तो लगदा गवताच्या विणलेल्या चपट्या टोपल्यांत भरून टोपल्यांची चळत रचायची आणि ती दाबायची. दाबणारं यंत्र म्हणजे भलं मोठं लाकडी ओंडकं. त्याचं एक टोक भिंतीत किंवा दोन उभ्या दगडांत अडकवलेलं, मधल्या भागाखाली चळत, आणि दुसरं टोक दोराने खाली ओढायचं. तो दोर जातो जमिनीवरच्या एका अजस्र दगडाकडे, त्याच्यावर रहाट बसवलेला. रहाट फिरवला की आधी ओंडकं खाली येतं. आणखी फिरवला की दगडच जमिनीवरून उचलला जातो आणि लोंबकळत राहतो.

इथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दगड एकदा लोंबकळला की माणसाचं काम संपलं! लगदा जसजसा दबेल तसतसा दगड आपल्या वजनाने ओंडकं खाली खाली नेत राहणार. माणूस जेवून येईपर्यंत दगड राबत असतो. आमचे आजोबा बैलामागे दिवसभर गोल गोल फिरायचे, बैल थांबला की तेल थांबलं. हे लोक दगड टांगून सावलीत बसत असतील. आजोबांना हे दाखवायला हवं होतं, असं फार वाटलं. त्यांनी आधी शिवी दिली असती आणि मग मोजमाप घेतलं असतं.

पुन्हा उभारलेल्या घाण्यात लाकूड नवं आहे, म्हणून कळायला सोपं. पण खरी मजा आजूबाजूच्या पडक्या घाण्यांत आहे. लाकूड सगळं गेलंय, दगड तेवढे राहिलेत. एकदा डोळा बसला की ते जागोजागी ओळखू येतात. सपाट दगड आणि त्यावर गोल कोरलेली पन्हळ असेल, तर टोपल्यांची चळत तिथे रचायचे. पन्हळीला एका बाजूला तोंड असतं. त्या तोंडाखाली चौकोनी हौद, कधी एकाला लागून दुसरा. वजनाचा दगड ओळखायला सगळ्यात सोपा: जाडजूड, आणि दोन्ही बगलांना रहाटाच्या खुंट्या बसवायला खाचा. असा एक दगड सुट्टा पडलेला होता, त्यावर बसून एक फ्रेंच जोडपं सँडविच खात होतं.

एका पन्हळीत मी बोट फिरवून बघितलं. रखवालदार लांब होता, आणि दगड काही मोझॅक नव्हता. बाहेरचा दगड खरखरीत, पन्हळ आतून गुळगुळीत. तोंडाशी तर अजूनच गुळगुळीत, आमच्या घाण्याच्या उखळाला जिथून तेल गळायचं तिथे होतं तसं. बोट हुंगूनही बघितलं. वास अर्थातच नाही. पावसाळी मातीचा तेवढा होता.

हौदाचं गणित सोपं आणि सुंदर आहे. पन्हळीतून तेल आणि काळं कडवट पाणी एकत्रच उतरतं. हौदात ते निवळू द्यायचं. तेल वर येतं, पाणी खाली बसतं, वरचं तेल अलगद काढून घ्यायचं. काळ्या पाण्याला रोमन लोक अमुर्का म्हणायचे, आणि तेही वाया घालवत नसत. मुंग्या-किडे होऊ नयेत म्हणून खळ्याच्या जमिनीला फासायचे. आणि चोथा जळणाला. आमच्याकडे पेंड म्हशीला जायची, इथली चुलीत जायची, एवढाच फरक.

आता आकडा सांगते. या गावात आजवर ५८ घाण्यांचे अवशेष सापडलेत. भरभराटीच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या शेवटी, इथे वीस हजार माणसं राहत असावीत असा अंदाज आहे. भागाकार करा, साडेतीनशे डोक्यांमागे एक घाणा येतो. आणि ४२ हेक्टरच्या या गावाचा जवळपास अर्धा भाग अजून मातीखालीच आहे, म्हणजे घाणे आणखी निघणार. बार्शी ही तेलाची पेठ म्हणून आम्ही मिरवायचो. या हिशेबापुढे आम्ही किरकोळ दुकानदार. इथलं तेल आणि धान्य रोमन जगात विकलं जायचं. लोक तेल खायचे, दिव्यात जाळायचे, आणि अंगाला चोळून वर खरवडून काढायचे, साबण म्हणून.

मग वर गेले. माझं डोकं तोवर तेलात मुरलेलं होतं, त्यामुळे वरचंही सगळं तेलातूनच दिसत राहिलं. ऑर्फियसचं घर प्रसिद्ध आहे ते मोझॅकसाठी: मधोमध वीणेसारखं वाद्य वाजवणारा ऑर्फियस, ग्रीक पुराणातला गवई, आणि भोवती ऐकत बसलेले पशुपक्षी. दुसऱ्या खोलीत डॉल्फिन. लोक दोरीपाशी गर्दी करून फोटो काढत होते. पण त्याच घरात घाणाही आहे! पुढे पाहुण्यांसाठी ऑर्फियस, मागे लगद्याची घाण आणि काळं पाणी. आमच्या वाड्यात पुढे ओसरीवर गालिचा आणि लोड, आणि मागे गेलं की पाय चिकटायचे. श्रीमंती कुठून आली ते पाहुण्याला दिसू द्यायचं नाही, पण वास काही लपत नसणार.

मोझॅकमधलं मला सर्वांत आवडलं ते एका गाढवावर उलटा बसलेल्या माणसाचं. हातात बक्षिसाचा पेला, चेहरा गाढवाच्या शेपटीकडे. घोड्यांवरच्या कसरतींची टिंगल असावी. भाचा म्हणाला, "आत्या, हा तर विड्याचा जावई!" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या विडा गावी धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक काढतात. आम्ही तिघंही एवढे हसलो की रखवालदाराने शिट्टी फुंकली.

हर्क्युलिसची बारा कामं दाखवणारं एक घर आहे, व्हीनसचं एक आहे, मोझॅक आणखीही आहेत. सगळी उघड्यावर, ऊन-पावसात, रंग विटलेले. छप्पर नाही, एक दोरी बांधली की झालं. मन खट्टू होतं. इथले नामांकित ब्राँझचे पुतळे रबातच्या संग्रहालयात नेऊन ठेवलेत, ते बरंच केलं म्हणायचं.

कमान कॅराकॅला बादशहाची, इसवी सन २१७ ची. पडली होती, फ्रेंचांनी १९३० च्या दशकात पुन्हा रचली. मोठं खोदकामही त्यांनीच १९१५ साली सुरू केलं. कमानीपासून टँजियर दरवाजापर्यंत सरळसोट रुंद रस्ता जातो, दोन्ही बाजूंना बड्यांची घरं. बाजूला बॅसिलिका (न्यायनिवाड्याची सार्वजनिक इमारत) आणि कॅपिटॉलचं मंदिर, त्यांच्या खांबांवर करकोच्यांची घरटी. मालक बाहेरगावी गेलेले होते. यावर मी जास्त लिहीत नाही. बघायला छानच आहे, संध्याकाळचं ऊन पडलं की खांब मधाच्या रंगाचे होतात.

रोमन राज्याने इसवी सन २८५ च्या सुमारास हा भाग सोडला. गाव मात्र सुटलं नाही. सातव्या शतकापर्यंतचे लॅटिन शिलालेख इथे सापडतात, आणि ७८८ मध्ये मोरोक्कोच्या इद्रिसी राजघराण्याचा संस्थापक इद्रिस इथे आला तेव्हाही वस्ती होती. समोरच्या टेकडीवरचं पांढरंशुभ्र मुले इद्रिस गाव त्याच्याच नावाचं, त्याची कबर तिथे आहे. पुढे मुले इस्माईल सुलतानाने मेकनेसची राजधानी बांधताना इथले दगड नेले, आणि १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपाने उरलंसुरलं पाडलं. किल्ल्याच्या चिऱ्यांची घरं बांधणारी गावं आपल्याकडेही कमी नाहीत, तेव्हा सुलतानाला नावं ठेवायला मी धजत नाही.

कापलेल्या ताऱ्याचं दुसरं कारण म्हणजे पाट्या. मोझॅकजवळ थोडंफार लिहिलेलं आहे. घाण्यांजवळ मात्र मला कामाची पाटी मिळाली नाही. कुठला दगड कशासाठी, ओंडकं कुठे होतं, हे साधं चित्र काढून लावलं असतं तरी शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. ज्या धंद्याने हे गाव पोसलं तोच असा मुका ठेवलाय. तुम्ही गेलात तर वर सांगितलेल्या खुणा लक्षात ठेवा: गोल पन्हळ, हौद, खाचांचा दगड. तेवढ्यावर निभतं.

वयस्कर मंडळींनी हे वाचाच: आत सावली जवळजवळ नाही. रस्ते दगडी, उंचसखल, पावसाने निसरडे. चाकाच्या खुर्चीला आतला भाग अवघड. पाणी बरोबर न्या. स्वच्छतागृह दारापाशी आहे, आत गेल्यावर मिळणार नाही. उन्हाळ्यात दुपारी जायचा विचारही करू नका.

जेवायला मुले इद्रिसला गेलो. चौकात मांसाच्या भट्ट्यांचा धूर होता, पण शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. एका टपरीवजा खानावळीत बिसारा मिळाला. वाळलेल्या बाकल्यांचं घट्टसर पिठलंच म्हणा, वर जिरेपूड आणि जैतून तेलाची धार. यांनी दोन वाट्या संपवल्या. झालूक म्हणजे वांग्या-टोमॅटोचं भरीत, लसूण सढळ. मालकाने गरम पाव, काळी जैतुनं आणि तेलाची वाटी न मागता आणून ठेवली. तिघांचं मिळून फेसमधल्या एका माणसाच्या जेवणाइतकंही झालं नाही. या खानावळीला पाचपैकी पाच, आणि नाव सांगता येत नाही कारण पाटीच नव्हती.

त्याच मालकाने खालच्या गल्लीतल्या तेलाच्या गिरणीचा रस्ता दाखवला. दारातच तो वास आला: कापलेलं गवत, कच्ची कैरी आणि थोडा आंबूसपणा. आत विजेच्या मोटरवर दगडी चाक फिरत होतं, बाजूला गोल चकत्यांची चळत लगदा भरून दाबाखाली ठेवलेली, आणि कडांनी काळं-हिरवं पाणी झिरपत होतं. ओंडकं गेलं, त्याच्या जागी लोखंडी दाब आला. बाकी सकाळी दगडांत बघितलं ते सगळं इथे जिवंत. गिरणीवाल्याला मी हातवारे करून सांगितलं की माझे आजोबाही हेच करायचे. भाच्याने त्याच्या मोडक्यातोडक्या अरबीत जोड दिली. त्या माणसाने मला आत बोलावून हौदातलं तेल पळीने काढून पावाच्या तुकड्यावर घातलं. पाच किलो फळाला जेमतेम लिटरभर तेल सुटतं म्हणाला. शेंगदाणा याच्या दुप्पट देतो, हे ऐकून त्याने तोंडात बोट घातलं.

दोन लिटर घेतलं, लिटरला ९० दिरहॅम. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांतच भरून देतात. बूच नीट बसलंय का हे तिथेच बाटली उलटी करून बघा आणि दोन पिशव्यांत गुंडाळा. आम्ही बघितलं नाही. एक बाटली सूटकेसमध्ये गळली आणि यांचा स्वेटर अजून झेरहून डोंगरासारखा वास मारतो.

दुसरी बाटली बार्शीला आईकडे नेली. आई चौऱ्याऐंशीची, आयुष्य घाण्याशेजारी गेलेलं. भाकरीच्या तुकड्यावर थेंबभर घेऊन तिने बराच वेळ तोंडात घोळवलं. घशाला लागलं तशी खोकली.

"कडू आहे," म्हणाली. "घाणा धुतला नव्हता वाटतं."

सध्या ती बाटली तिच्या उशाशी आहे. गुडघ्यांना लावते.